मताधिकार, साक्षरता आणि नागरिकत्वाची शाळा

दि. २७ जानेवारी १९१९ रोजी सिडनहॅम महाविद्यालयातील एका सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने साउथबरो मताधिकार समितीपुढे साक्ष दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ अनेक अभ्यासक या साक्षीपासून मानतात. अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडता आले पाहिजेत आणि त्यासाठी मताधिकाराची पात्रता त्यांच्या आवाक्यात आणली पाहिजे, हा त्या साक्षीचा गाभा होता. मालमत्तेची अट घातली की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता करू दिली गेली नाही ते आपोआप वगळले जातात. शिक्षणाची अट घातली की ज्यांना शाळेच्या उंबरठ्याआत येऊ दिले गेले नाही ते वगळले जातात. अन्यायाचा परिणाम हीच अपात्रतेची कसोटी ठरते. ही विसंगती त्यांनी राज्यकर्त्यांच्या नजरेस आणून दिली.

पुढे दहा वर्षांनी, सायमन आयोगाच्या निमित्ताने १७ मे १९२९ रोजी सादर केलेल्या आपल्या स्वतंत्र अहवालात, बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी अधिक स्पष्ट शब्दांत केली. निरक्षर मनुष्य बुद्धिहीन असतो हे गृहीतच चुकीचे आहे, आणि अक्षरओळख झाल्याने विवेक येतोच असेही नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. समाजात एकत्र जगण्याच्या अटी ठरविण्याचा अधिकार म्हणजे मताधिकार, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. हा अर्थ स्वीकारला की ज्याच्यावर त्या अटी सर्वांत कठोरपणे लादल्या जातात त्यालाच हा अधिकार सर्वांत आधी मिळावयास हवा, हे ओघानेच येते.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा एक परदेशी अध्याय अभ्यासावयाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साक्षरतेची अट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. तिच्याशी झुंज देताना तेथील कृष्णवर्णीयांनी 'नागरिकत्वाच्या शाळा' उभारल्या. भाषेने व वंशाने वेगळा पडलेला समाज सार्वजनिक जीवनात कसा उतरतो, याचा इतका बोलका दाखला इतिहासात क्वचितच सापडेल.

समुद्रबेटांवरील समाज

साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठाला लागून बेटांची एक मालिका आहे. तिच्यातील एक मोठे बेट म्हणजे जॉन्स आयलंड. गुलामगिरीच्या काळात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांकडून या किनाऱ्यावर भाताची, नीळीची आणि कापसाची शेती करवून घेतली गेली. मुख्य भूमीपासून तुटलेल्या या लोकांमध्ये 'गला' नावाची स्वतंत्र बोली घडली. इंग्रजी शब्द आणि आफ्रिकी भाषांची घडण यांच्या संयोगातून ती निर्माण झाली होती. गोऱ्या समाजाने तिला मोडके इंग्रजी म्हणून हिणविले. लोरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बोलीतील आफ्रिकी शब्दसंपत्ती साधार दाखवून दिली, तेव्हा कोठे विद्वानांचे मत बदलू लागले. एखाद्या समाजाच्या बोलीला अशुद्ध ठरवून त्या समाजालाच अडाणी ठरविण्याची रीत आपल्या वाचकांना नवी नाही.

यादवी युद्धानंतर १८७० साली झालेल्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली होती. तथापि, दक्षिणेतील राज्यांनी वंशाचा उल्लेख न करता तेच कार्य साधले. साउथ कॅरोलायनाच्या १८९५ च्या राज्यघटनेत अशी तरतूद आली की, मतदार म्हणून नोंद होण्यासाठी राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचून व लिहून दाखवावे, अथवा किमान तीनशे डॉलर किमतीची मालमत्ता असावी. कोणते कलम वाचावयास द्यावे आणि उमेदवार उत्तीर्ण झाला की नाही, हे ठरविणारा नोंदणी अधिकारी गोराच असे. कायद्याच्या अक्षरात समता आणि अंमलबजावणीत बहिष्कार अशी ही व्यवस्था होती. १९५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही लॅसिटर खटल्यात साक्षरतेची अट मूलतः घटनाबाह्य नाही, असा निर्णय दिला. हे ध्यानात घेतले म्हणजे बाबासाहेबांनी १९२९ मध्येच ही अट तत्त्वतः नाकारली होती, याचे मोल कळते.

शिक्षिका सेप्टिमा क्लार्क

या कथेच्या केंद्रस्थानी एक शिक्षिका आहे. सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क यांचा जन्म १८९८ साली चार्ल्स्टन येथे झाला. त्यांचे वडील जन्माने गुलाम होते. चार्ल्स्टन शहराच्या सरकारी शाळांत त्या काळी कृष्णवर्णीय शिक्षकांना नेमत नसत. म्हणून वयाच्या अठराव्या वर्षी, १९१६ साली, त्या जॉन्स आयलंडवरील शाळेत रुजू झाल्या. त्या शाळेत १३२ मुले होती आणि त्यांना शिकविण्यास दोनच शिक्षिका होत्या. पुस्तके अपुरी असल्याने मुलांच्याच तोंडच्या गोष्टी कागदी पिशव्यांवर लिहून त्यांनी वाचन शिकविले. गोऱ्या शिक्षिकेस मोजक्या मुलांसाठी त्यांच्याहून दुपटीहून अधिक वेतन मिळत होते. चार्ल्स्टनच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक नेमले जावेत यासाठी १९१९ साली त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. पुढील वर्षी तो नियम बदलला. गोऱ्या व काळ्या शिक्षकांच्या समान वेतनासाठी झालेल्या न्यायालयीन लढ्यातही त्या सहभागी होत्या आणि १९४५ मध्ये तो लढा यशस्वी झाला.

शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल लागल्यानंतर दक्षिणेतील राज्यकर्ते चवताळले. १९५६ साली साउथ कॅरोलायनाने कायदा करून सरकारी नोकरांना 'एन.ए.ए.सी.पी.' या कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेचे सदस्य राहण्यास मनाई केली. सेप्टिमा क्लार्क यांनी सदस्यत्व नाकारण्यास नकार दिला. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले आणि निवृत्तिवेतनही गेले. ते निवृत्तिवेतन त्यांना परत मिळण्यास १९७६ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी टेनेसी राज्यातील हायलँडर लोकविद्यालयाने त्यांना कार्यशाळांच्या संचालिका म्हणून बोलाविले. हे विद्यालय १९३२ साली माइल्स हॉर्टन यांनी एका सहकाऱ्यासह स्थापन केले होते. डेन्मार्कमधील लोकशाळा हॉर्टन प्रत्यक्ष पाहून आले होते. गोरे व काळे तेथे एका पंक्तीस बसून जेवत, ही त्या काळातील दक्षिणेत बंडखोरीच होती. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी या विद्यालयास जाहीर पाठिंबा दिला होता. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्यांच्या वर्गात बसले तेच हे ड्युई होत. लोकशाही ही एकत्र जगण्याची रीत आहे, या ड्युईंच्या विचाराचा धागा मुंबईतील साक्षीतही सापडतो आणि टेनेसीतील डोंगरावरील विद्यालयातही सापडतो.

बसमधील पाठ आणि दुकानामागील वर्ग

एसॉ जेन्किन्स हे जॉन्स आयलंडवरील शेतकरी व छोटे व्यावसायिक. बेटावरील मजुरांना व विद्यार्थ्यांना ते आपल्या बसमधून चार्ल्स्टनला नेत-आणत असत. त्यांच्या बसमधील ॲलिस वाइन नावाच्या एका प्रवासी स्त्रीने त्यांना म्हटले की, मला मतदार व्हावयाचे आहे. पण मला वाचता येत नाही. जेन्किन्स यांनी राज्यघटनेतील कलमाच्या प्रती काढल्या आणि प्रवासात ते कलम उतारूंना समजावून सांगण्यास प्रारंभ केला. ॲलिस वाइन यांनी ते तोंडपाठ केले आणि त्यांची नोंदणी झाली. परंतु त्यांचे समाधान झाले नाही. त्यांना खरोखर वाचावयास शिकावयाचे होते. १९५४ साली जेन्किन्स हायलँडर येथील कार्यशाळेस गेले, तेव्हा त्यांनी आपल्या बेटासाठी प्रौढांची शाळा मागितली.

बेटावर प्रौढशिक्षणाचे प्रयत्न यापूर्वी झाले होते, पण ते टिकले नव्हते. वर्ग मुलांच्या शाळेत भरे. प्रौढ स्त्री-पुरुषांना लहानग्यांच्या बाकड्यांवर दाटीने बसावे लागे आणि बालवाचनाची पुस्तके हाती घ्यावी लागत. दिवसभर शेतात राबलेल्या, घरदार सांभाळणाऱ्या माणसांना ही वागणूक अपमानास्पद वाटणे स्वाभाविक होते. ते वर्गात यावयाचे बंद झाले आणि त्यांना शिकण्याची आवड नाही, असा ठपका त्यांच्यावरच ठेवण्यात आला.

म्हणून या वेळी तीन निर्णय विचारपूर्वक घेण्यात आले. पहिला जागेविषयी. जेन्किन्स यांनी स्थापन केलेल्या 'प्रोग्रेसिव्ह क्लब' या संस्थेने हायलँडरकडून कर्ज घेऊन एक जुनी इमारत विकत घेतली. दर्शनी भागात सहकारी किराणा दुकान आणि मागील खोलीत वर्ग, अशी रचना केली. दुकानामुळे गोऱ्यांचा संशय टळला, तसेच व्यापाऱ्यावरील परावलंबनही कमी झाले.

दुसरा निर्णय शिक्षकाविषयी. व्यावसायिक शिक्षक घ्यावयाचा नाही, असे ठरले. सेप्टिमा क्लार्क यांच्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन या केशरचना व शिवणकाम करून उपजीविका करणाऱ्या स्त्रीची निवड झाली. आपण कधी शिकविलेले नाही, असे त्या काकुळतीने सांगत होत्या. परंतु त्यांच्या ग्राहक कृष्णवर्णीय स्त्रियाच होत्या. गोरा मालक त्यांची नोकरी काढून घेऊ शकत नव्हता. ज्याची भाकरी विरोधकाच्या हातात नाही तोच निर्भयपणे शिकवू शकतो, हे या निवडीमागील मर्म होते.

तिसरा निर्णय अभ्यासक्रमाविषयी. जानेवारी १९५७ मध्ये, शेतीची कामे मंदावलेली असताना, चौदा विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. तो आठवड्यातून दोन रात्री चाले. रॉबिन्सन यांनी प्रथम विचारले की, तुम्हांला काय शिकावयाचे आहे? उत्तरे साधी होती. कोणास स्वतःचे नाव लिहावयाचे होते, कोणास परगावी गेलेल्या मुलांची पत्रे वाचावयाची होती, कोणास मनीऑर्डरचा अर्ज भरावयाचा होता, कोणास बायबल वाचावयाचे होते. याच गोष्टी अभ्यासक्रम झाल्या. पुठ्ठ्यावर लिहिलेल्या स्वतःच्या नावावरून पेन्सिल फिरवीत लोकांनी हात वळविला. दुकानातील भाव, खताचा हिशेब, अर्जाचे नमुने आणि मग राज्यघटनेतील कलमे, असा क्रम होता. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलेला होता. वर्ग संपेपर्यंत तुम्ही हा वाचू व समजू शकाल, असे रॉबिन्सन यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

हंगाम संपल्यावर हे विद्यार्थी नोंदणी कार्यालयात गेले आणि मतदार होऊन परतू लागले. वॅडमलॉ, एडिस्टो आदी शेजारच्या बेटांवरूनही शाळेची मागणी आली.

बेटावरून चळवळीत

टेनेसी सरकारने हायलँडर विद्यालयावर बडगा उगारला आणि १९६१ साली त्याची सनद रद्द होऊन विद्यालय जप्त झाले. तत्पूर्वीच हा कार्यक्रम डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या 'सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स' या संघटनेकडे सोपविण्याची तयारी झाली होती. जॉर्जिया राज्यातील डॉर्चेस्टर केंद्रात सेप्टिमा क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी गावोगावच्या स्त्री-पुरुषांना शिक्षक म्हणून तयार केले. त्यांत धोबीकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या, वाट्याने शेती करणारे होते, न्हावी होते. पाच दिवसांचे प्रशिक्षण घेऊन ते आपल्या गावी परतत आणि स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, झाडाखाली वर्ग भरवीत. १९५७ ते १९७० या काळात अशा शाळांची संख्या नऊशेच्या घरात गेली.

मिसिसिपीतील फॅनी लू हेमर यांचे उदाहरण यासंदर्भात लक्षणीय आहे. कृष्णवर्णीयांना मतदान करता येते, हेच त्यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९६२ मध्ये कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या नोंदणीसाठी गेल्या आणि त्याच दिवशी, ज्या मळ्यावर त्यांनी अठरा वर्षे काम केले होते, तेथून त्यांना हुसकावून देण्यात आले. पुढे त्या नागरिकत्वाच्या शाळेच्या शिक्षिका झाल्या. जून १९६३ मध्ये प्रशिक्षणाहून परतताना विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. २२ ऑगस्ट १९६४ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ही हकीकत साऱ्या राष्ट्रापुढे सांगितली.

सेल्मा येथे ७ मार्च १९६५ रोजी मोर्चेकऱ्यांवर लाठ्या चालल्या आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा मंजूर झाला. दक्षिणेतील साक्षरता चाचण्या स्थगित झाल्या. मिसिसिपीमध्ये कायद्यापूर्वी पात्र कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ६.७ टक्के मतदार म्हणून नोंदलेले होते. १९६७ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ ६० टक्क्यांवर गेले. मोर्च्यांची छायाचित्रे इतिहासाच्या पुस्तकांत आली. परंतु कायदा झाल्यावर अल्पावधीत एवढे लोक नोंदणीस पुढे आले, याचे एक कारण दुकानांमागील आणि स्वयंपाकघरांतील वर्गांत शोधावे लागते.

चळवळीच्या अंतर्गत विषमतेचाही येथे निर्देश केला पाहिजे. संघटनेच्या कार्यकारिणीतील धर्मोपदेशक पुरुषांना सेप्टिमा क्लार्क यांचे तेथील स्थान खटकत असे. प्रत्येक मोर्च्याचे नेतृत्व डॉ. किंग यांनी स्वतः करू नये, स्थानिक नेते घडू द्यावेत, असे त्यांनी पत्राने सुचविले. तेव्हा ते पत्र सभेत वाचून हसण्यावारी नेण्यात आले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. राजकारणातील भक्ती व विभूतिपूजा अधःपतनाकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या शिक्षिकेचे म्हणणे हसण्याजोगे वाटणार नाही.

भाषेचा प्रश्न

१९६५ च्या कायद्याने वंशाचा अडसर दूर केला. भाषेचा अडसर उरला. न्यूयॉर्क राज्यात इंग्रजी वाचता येण्याची अट होती. त्यामुळे पोर्टो रिकोमधून आलेले, जन्माने अमेरिकी नागरिक असलेले आणि स्पॅनिशमधून शिकलेले लोकही 'निरक्षर' ठरत. सहावीपर्यंत स्पॅनिश माध्यमात शिकलेल्यांना मताधिकार नाकारता येणार नाही, अशी तरतूद १९६५ च्या कायद्यात करण्यात आली आणि १९६६ साली कॅट्झेनबाख विरुद्ध मॉर्गन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. अमेरिकेतील मूलनिवासी समाजांची कहाणी याहून कटू आहे. त्यांना १९२४ साली नागरिकत्व मिळाले. तथापि ॲरिझोना व न्यू मेक्सिको येथे मताधिकारासाठी १९४८ च्या न्यायालयीन निकालांची वाट पाहावी लागली. ॲरिझोनात त्यानंतरही इंग्रजी साक्षरतेची अट राहिल्याने केवळ नावाहो भाषा जाणणारे वृद्ध मतदानापासून वंचितच राहिले.

१९७० साली साक्षरता चाचण्या देशभर स्थगित झाल्या आणि १९७५ मध्ये त्या कायमच्या रद्द झाल्या. १९७५ च्याच दुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण दिले. या दुरुस्तीसाठी टेक्ससच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधी बार्बरा जॉर्डन यांनी पुढाकार घेतला, ही गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. एका वंचित समूहाच्या प्रतिनिधीने आपल्याला मिळालेले संरक्षण दुसऱ्या वंचित समूहापर्यंत पोहोचविले. स्पॅनिश भाषक, आशियाई वंशाचे, अमेरिकेतील मूलनिवासी आणि अलास्कातील मूलनिवासी यांची संख्या जेथे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असेल, तेथे मतपत्रिका व सूचना त्यांच्या भाषेत देणे बंधनकारक झाले. ज्या भाषांना लिखित परंपरा नाही तेथे तोंडी साहाय्य द्यावयाचे ठरले. २००६ मध्ये या तरतुदींना पंचवीस वर्षांची मुदतवाढ मिळाली. मात्र ज्या 'गला' भाषकांच्या बेटावर ही शाळा जन्मली, त्यांची बोली या चार समूहांत बसली नाही.

कायद्यानेही सर्व काही साधत नाही. टेक्ससमध्ये विली वेलास्केझ यांनी १९७४ साली मतदार नोंदणी व शिक्षणाची संस्था स्थापन केली आणि मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांत घरोघर जाऊन रस्ते, गटारे, शाळा या स्थानिक प्रश्नांवरून मतदानाचे महत्त्व पटवून दिले. तसेच, मिळालेले संरक्षण कायम राहीलच असेही नाही. २०१३ साली शेल्बी काउंटी खटल्यातील निकालाने १९६५ च्या कायद्यातील पूर्वपरवानगीची तरतूद निष्प्रभ केली. हक्क एकदा मिळाला म्हणजे तो राखावा लागत नाही, हा समज या निकालाने खोटा ठरविला.

आपल्याकडील अनुभव

जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब आणि कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांच्यात पत्रव्यवहार झाला. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या निवेदनाची प्रत बाबासाहेबांनी मागितली होती आणि दोन समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. तेव्हा या दोन इतिहासांची तुलना बाहेरून लादलेली नव्हे.

तथापि एक मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. सेप्टिमा क्लार्क यांना अन्यायी परीक्षा उत्तीर्ण होण्याचे शिक्षण द्यावे लागले, कारण ती परीक्षा रद्द करणे त्यांच्या हाती नव्हते. भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने अशी परीक्षाच ठेवली नाही. १९५१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख स्त्री-पुरुष मतदार होते. चिन्हांची योजना झाली आणि प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवण्यात आली. अमेरिकेने १९६५ मध्ये जे दक्षिणेपुरते केले ते भारताने १९५० मध्येच सर्वांसाठी केले.

परंतु त्याच निवडणुकीतील एक घटना अस्वस्थ करणारी आहे. मतदार यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. या स्त्रियांनी नोंदणीच्या वेळी आपले नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख दिली होती. घटनेने त्यांना नागरिक केले होते. पण परक्यापुढे स्वतःचे नाव उच्चारण्याइतकी मोकळीक समाजाने त्यांना दिली नव्हती. जॉन्स आयलंडवरील वर्गात पहिला धडा स्वतःच्या नावाचा होता, हे येथे आठवते. हक्क आणि हक्काचा वापर यांच्यामधले अंतर या एका धड्याएवढे असते.

हे अंतर बाबासाहेबांना प्रारंभापासून ठाऊक होते. १९२० साली 'मूकनायक', १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा आणि तिची वसतिगृहे व वाचनालये, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, हा क्रम त्याची साक्ष देतो. शिकणे, संघटित होणे आणि संघर्ष करणे या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या, त्याचे कारण हेच होय.

भाषिक अल्पसंख्याकांविषयीही त्यांची दृष्टी सावध होती. डिसेंबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत त्यांनी असा धोका दाखविला की, भाषिक राज्यात एखादी बहुसंख्य जात सत्ताधारी बनेल आणि विखुरलेल्या लहान समाजांना त्या सत्तेच्या कृपेवर राहावे लागेल. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी अशा तरतुदी संविधानात आल्या. तरीही प्रश्न उरलेलाच आहे. २०११ च्या जनगणनेत भिली भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक, तर गोंडी भाषकांची जवळजवळ तीस लाख होती. महाराष्ट्राच्या नंदुरबार व गडचिरोली जिल्ह्यांत या भाषा बोलणारे लोक आजही राहतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला अधिकार दिले. ज्या ग्रामसभेचे इतिवृत्त सभासदांना न समजणाऱ्या भाषेत लिहिले जाते, तेथे अधिकार कोणाच्या हाती जातो, हे सांगावयास नको.

बौद्ध परंपरेत या प्रश्नाचा विचार पूर्वीच झालेला आहे. बुद्धवचन छंदस भाषेत बांधून ठेवावे, अशी सूचना दोन ब्राह्मण कुलोत्पन्न भिक्खूंनी केली असता तथागतांनी ती नाकारली आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे स्वकीय भाषेत, धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. स्वकीय म्हणजे कोणाची, बुद्धांची की शिकणाऱ्याची, याविषयी अट्ठकथाकार व आधुनिक विद्वान यांत मतभेद आहेत. पण ज्ञान एका वर्गाच्या भाषेत कोंडावयाचे नाही, हा त्यातील भाव निर्विवाद आहे. भिक्खूसंघाला आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या आणि मतगणना यांचे नियम ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी संविधान सभेतील अखेरच्या भाषणात करून दिली, ती काही केवळ गतवैभवासाठी नव्हे.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, आधी शिका आणि मग हक्क मागा, हा युक्तिवाद सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा असतो. हक्काचा वापर हेच हक्काचे शिक्षण होय. दुसरी ही की, असे शिक्षण वस्तीतल्या माणसाने, वस्तीच्या भाषेत, वस्तीच्या गरजेपासून प्रारंभ करून दिले तरच ते रुजते. तिसरी ही की, कायदा झाला म्हणजे शाळा बंद करावयाची नसते. १९६५ नंतरही त्या शाळा काही वर्षे चालू राहिल्या, कारण मत कोणाला द्यावयाचे, निवडून गेलेल्यास जाब कसा विचारावयाचा आणि मत विकावयाचे का नाही, हे कोणताही कायदा शिकवीत नाही.

आपल्याला परीक्षा द्यावी लागली नाही. बाबासाहेबांनी ती आपल्यासाठी १९१९ पासूनच नाकारली होती. म्हणून अभ्यास करण्याची गरज संपली, असा आपण सोयीस्कर अर्थ लावला काय, हा प्रश्न प्रत्येक विहाराने स्वतःस विचारावा. वंदनेनंतर वस्तीतील विहाराचे सभागृह आठवड्यातून दोन रात्री मोकळे असते. तेथे मतदार यादी उघडून आपल्या आळीतील कोणाचे नाव गळले आहे ते पाहता येईल, ग्रामसभेचे वा प्रभागाचे अंदाजपत्रक वाचता येईल, आणि एखाद्या वृद्ध मातेस स्वतःचे नाव लिहावयास शिकविता येईल. जॉन्स आयलंडवरील त्या दुकानामागील खोलीत याहून अधिक साधने नव्हती.